लेथची खंडेनवमी

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. इंग्लंडात मिल्टन कीन्सला माझी आयटीतली नोकरी होती आणि आई पुण्याहून पहिल्यांदाच राहायला आली होती. खंडेनवमीला तिला वेम्बलीच्या देवळात न्यायचा माझा बेत तिने साफ मोडीत काढला. ‘‘देऊळ उद्या. आज मला एखादं मशीन दाखव,’’ म्हणाली. बाबा पिंपरीच्या कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला तिथे घरच्यांना आत सोडत आणि बाबांच्या लेथला हळदकुंकू आईच लावायची. बाबा गेले आणि ते थांबलं.

म्हणून आम्ही जुन्या मोटारींच्या एका छोट्या म्युझियममध्ये गेलो. मोटारी नुकत्याच बनू लागल्या तेव्हाचं मशीन शॉप तिथे चालत्या स्थितीत ठेवलं होतं. काय एकेकाची अक्कल! छताखाली एकच लांब फिरता दांडा, त्यावर ओळीने चाकं आणि प्रत्येक चाकावरून खालच्या मशीनपर्यंत उतरलेला चामड्याचा पट्टा. एका इंजिनावर अख्खी शेड कामाला लागलेली. एखादं मशीन थांबवायचं तर त्याचा पट्टा शेजारच्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. बाकीची आपली चालूच. आम्ही सॉफ्टवेअरवाले उगाच भाव खातो. मी आ वासून बघत राहिले.

लेथपाशी आल्यावर आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली.

‘‘तू लाव. माझ्या हातचं आता चालत नाही.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘कोण म्हणतं, चालत नाही?’’

‘‘सगळेच म्हणतात.’’

आमचा चढलेला आवाज ऐकून तिथला म्हातारा व्हॉलंटियर जवळ आला. मी त्याला पूजेचं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे पट्टा सरकवून लेथ थांबवला आणि विचारलं, ‘‘तुमच्याकडे हे कोण करायचं?’’

‘‘आई. बाबांच्या लेथला.’’

‘‘मग त्यांनीच करायला हवं,’’ म्हणत तो अदबीने बाजूला झाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय म्हणाला तो?’’

‘‘म्हणाला, तुम्हीच लावा.’’

मग तिने डबी उघडली, लेथच्या गार लोखंडावर कुंकू लावलं, हात जोडले. पुन्हा बोट डबीत बुडवून ती माझ्याकडे वळली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बाबा गेल्यापासून तिने मला ते एकदाही लावलं नव्हतं. मी भर म्युझियममध्ये रडले.