मुंगी चावल्यासारखं

दवाखान्यात तिला सगळे मुंगीताई म्हणत. नसांच्या तपासणीला आलेल्या प्रत्येकाला ती एकच थाप मारायची, "घाबरू नका हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त." कसली मुंगी आणि कसलं काय! मनगटावर विजेचा झटका बसला की भलेभले पैलवान खुर्चीत हातभर उडत. पण मुंगीताईच्या हाताला गुण होता. गार हाताची नस उगाच मंद दिसते, म्हणून आधी ती हात गरम पिशवीने शेकायची. मग बोटाला टेपने यंत्राची तार, मनगटाला जेल, आणि झटका अगदी बेताबेताने वाढवायचा. यंत्राच्या पडद्यावर रेघेचा डोंगर उठला की नस जिवंत, नाही उठला की मेलेली. इतकी मायाळू बाई त्या अख्ख्या इमारतीत नाही, असं रोगीच सांगत.

आणि हीच बाई बापाचं नाव निघालं की दगड व्हायची. का नाही होणार? लेथवर काम करणारा तिचा बाप कामावरून यायचा तोच हात शिवशिवत. जेवणात मीठ जास्त, पोरीला मार. मीठ कमी, तरी पोरीलाच मार. एकदा तर कानाखाली अशी वाजवली की डावा कान कायमचा गेला. लग्न करून ती सुटली, पण एक इच्छा काही सुटली नाही. या माणसाला दुखलेलं तिला बघायचं होतं. एकदाच, पण डोळे भरून.

तो दिवस आपल्या पायांनी चालत आला. म्हाताऱ्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. डॉक्टरांनी तपासणीला पाठवलं आणि त्या दिवशी तपासणारी ती एकटीच. आईला बाहेर बाकावर बसवून म्हातारा आत आला.

"काय गं कार्टे, तू करणार? येतं का काही?"

"येतं, बाबा. हात सैल सोडा."

मुंगीबिंगीचं ती काही बोलली नाही. हात मात्र शेकला, कामात कुचराई नाही. झटका दिला. पडद्यावर सरळ रेघ. वाढवला, तरी रेघच. शेवटी यंत्रात होता तेवढा सगळा जोर लावला.

म्हाताऱ्याने जांभई दिली. "सुरू कधी करणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हाताने तिला फोडून काढलं, तो मेला आधीच मरून मोकळा झाला होता!

आता तुलनेसाठी चांगला हात तपासायचा होता. त्याआधी जोर शून्यावर आणायचा, हे तिने नव्या मुलींना घसा कोरडा होईस्तोवर बजावलेलं. तिने डाव्या मनगटाला जेल लावलं. जोर होता तिथेच ठेवला आणि बटण दाबलं.

"आई गं! मेलो, मेलो!"

पडद्यावर डोंगर उठला, अगदी सुरेख. रिपोर्टला तेवढा पुरेसा होता. तिला वाटलं होतं, आता जीव निवेल. कुठला निवतोय? उलट चटावला. तिने परत दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बाळा, पुरे गं," तो म्हणाला. उभ्या जन्मात तो तिला कधी बाळा म्हणाला नव्हता. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला.

ओरडा ऐकून आई आत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या बटणावरच्या बोटाकडे. तिला सगळं कळलं. मुलीचं बोट जागच्या जागी थिजलं.

"अगं, सांग हिला!" म्हातारा रडत म्हणाला. "जीव घेईल ही माझा."

आई जवळ गेली. त्याच्या कपाळावरचा घाम तिने तळव्याने टिपला.

"थोडं सोसा की हो," ती म्हणाली. "डॉक्टरांना नीट कळायला नको?" मग मुलीकडे वळली. "सावकाश होऊ दे. मला काही घाई नाही."

आणि बाहेर जाऊन तिने दार घट्ट ओढून घेतलं.