हलदारबाबूंची वाळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही फारसा नाही... पण त्या दिवसाचं सांगायचं, तर आधी माझी लबाडी सांगावी लागते.

मी कोलकात्यात डमडमला राहतो. बदलीवर आलो आणि इथलाच झालो. नदीचे मातीचे बांध पाण्याने कसे झिजतील, कुठे फुटतील, हे कॉम्प्युटरवर आधी चालवून बघणं हे माझं काम. सात वर्षांपूर्वी बजबजच्या खालच्या अंगाला हुगळीच्या एका बांधाचं मॉडेल करत होतो. मातीचे नमुने हलदारबाबूंनी काढलेले. आमचे जुने सर्व्हेयर, बजबजचेच. तेवीस नंबरच्या जागी त्यांनी बांधाच्या तळाशी बारीक वाळूचा थर दाखवला होता. तिथे पूर्वी एक ओहोळ होता म्हणे, तो बुजवून वर बांध घातलेला.

तो थर घातला की मॉडेल दहा टप्पेही न चालता बंद पडे. रिपोर्टची तारीख डोक्यावर. शेवटी मी तिथे शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी टाकली. मॉडेल चालेना, म्हणून मातीच बदलली. बांध सुरक्षित निघाला. मीटिंगमध्ये कुणीतरी वाळूचं विचारलं, तर मी म्हणालो, नमुना वाचताना हलदारबाबूंची चूक झाली असावी.

ते समोरच बसले होते. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "आपटेबाबू, नदी सरासरी वाचत नाही."

लोक हसले. मीही हसलो. मिनिट्समध्ये ओळ गेली – सर्व्हेयरची चूक. पुढे त्यांना मोठी कामं मिळाली नाहीत. निवृत्त झाले, आणि वर्षभरात गेले. मी भेटायलासुद्धा गेलो नव्हतो.

गेल्या भाद्रपदात पौर्णिमेची मोठी भरती येणार होती. इथे त्याला कोटाल म्हणतात. पाण्याची नवी उंची टाकून मी तेच मॉडेल परत चालवलं. सकाळचे दहा, ऑफिस भरलेलं, टेबलावर मुढीचा ठोंगा, म्हणजे कुरमुऱ्यांचा कागदी पुडा. आणि स्क्रीनवर तेवीस नंबरला बांध आतून पोखरत गेला... आणि फुटला.

इनपुट फाइल उघडली – माझी सरासरीच. आउटपुटमध्ये मात्र वाळूचा थर, हातभर जाड, हलदारबाबूंच्या वहीत होता तसाच. मशीन नवीन, त्यात तो आकडा कुणी कधी घातलेलाच नव्हता. आणि थर असूनही मॉडेल शेवटपर्यंत चाललं होतं. प्रिंट काढली. पुन्हा चालवलं – बांध सुरक्षित.

दुसरा निकाल माझ्या सोयीचा होता. पण भरती साडेतीनला होती, आणि बांधामागे वस्ती.

साइटवरच्या मंडलला फोन लावला. तो म्हणाला, "आपटेदा, तिथे सगळं कोरडं आहे. तुमच्याच रिपोर्टात ती जागा सेफ आहे ना?"

"रिपोर्ट बाजूला ठेव. बांधाच्या गावाकडच्या अंगाला मातीची पोती रच, पाणी तळातून तिकडेच निघेल. जबाबदारी माझी."

सियालदहहून लोकल पकडली. पोचलो तेव्हा सगळी वस्ती रांग करून हातोहात पोती देत होती. मीही रांगेत शिरलो. भरती चढली आणि बरोबर तिथेच, पोत्यांच्या मधून, गढूळ पाणी उसळलं. पाण्यात पांढरी बारीक वाळू... भोवती आणखी पोती, आणखी पोती. तासाभराने पाणी निवळलं, म्हणजे तळातली वाळू वाहायची थांबली. मग ओहोटी लागली. बांध उभा होता.

बायकांनी जिभा हलवून उलुध्वनी केला, इथला आनंदाचा गजर, कुणीतरी शंख फुंकला. चिखलाने माखलेल्या मंडलने मला चक्क उचललं. इतकी वर्षं पडद्यावर बांध वाचवत आलो, खरा बांध त्या दिवशी पहिल्यांदा वाचवला. ओंजळीत ती वाळू घेऊन मी मोठ्याने म्हणालो, "हलदारबाबू, तुमचंच बरोबर होतं." ढाक, इथला मोठा ढोल, वाजत होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर तो थर हाताने घालून कितीदा तरी मॉडेल चालवलं. दर वेळी दहा टप्प्यांच्या आत बंद पडतं. ती एक प्रिंट कपाटात आहे. ती कुठून आली, मला आजही सांगता येत नाही.

ऑफिसने माझा सत्कार केला. मी तो घेतलाही. मिनिट्समधली ओळ मात्र अजून तशीच आहे. ती माझ्या सहीने खोडायची, आणि त्याची प्रत घेऊन बजबजला हलदारबाबूंच्या पत्नीसमोर उभं राहायचं. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.