डॉक्टर भास्करराव आणि पांढऱ्या दोऱ्याची बाटली

मार्च महिन्याची नऊ तारीख, सोमवार, सकाळचे सव्वादहा. त्या वेळी डॉक्टर भास्कररावांनी वॉर्डच्या वहीत लाल शाईने लिहिले, "नर्सबाईंच्या हातून लघवीच्या बाटल्यांचा घोळ." ती नर्सबाई मी. डॉक्टरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी चार गोड शब्द लिहावेत, असे समितीने कळवले आहे. गोड शब्द आहेत, पण आधी हे.

आमची पहिली ओळख बुऱ्हाणपूरच्या दवाखान्याच्या दारात झाली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ते चिखलाचे बूट घेऊन आले. मी म्हणाले, "बाहेर जाऊन पाय पुसून या." ते मुकाट्याने पुसून आले आणि मग म्हणाले, "मी नवा डॉक्टर." इतका निगर्वी माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच ती ओळ जास्त झोंबते.

मुंबईच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या गेल्या होत्या. एक जैनाबादच्या एका सुनेची, दिवस गेलेत का पाहायला. दुसरी लोधीपुऱ्याच्या तुळशीरामजींची, साखरेसाठी. ते खोकल्याने बेजार होते आणि छाती बाईसारखी वाढल्यामुळे भर उन्हात उपरणे पांघरून बसत. बाईच्या बाटलीला तांबडा दोरा, पुरुषाच्या बाटलीला पांढरा, ही माझी कॉन्व्हेंटमधल्या शिस्तीतली रीत. प्रयोगशाळेने चुकून दोन्ही बाटल्यांची गरोदरपणाचीच तपासणी केली; त्या काळी ती लघवी सशाला टोचून करत. उत्तर आले, दोघीही गरोदर.

"बाई, दोन्हींत एकीचीच भरलीत!"

"डॉक्टरसाहेब, मी दोरा बाटलीला बांधते, डोळ्यांना नाही."

तुळशीरामजी खाटेवरून म्हणाले, "भांडू नका भई, बारशाचे पेढे मी वाटतो." त्यांची बायको फणकारली, "घरात कपभर चहा होत नाही यांच्याच्यानं, अन् लेकरू करतात म्हणे!"

मी डॉक्टरांच्या देखत तुळशीरामजींची नवी बाटली भरून घेतली, लाखेने बंद केली आणि मुंबईला पाठवली. उत्तर पुन्हा तेच. मग त्यांनी छातीचा फोटो काढवला. फुप्फुसात गाठ होती. गरोदरपणी जे हार्मोन तयार होते, तेच ती गाठ तयार करत होती. त्यानेच छाती वाढली आणि ससाही फसला. हे एवढ्या लवकर ओळखणे डॉक्टरांनाच जमले.

गल्लीत तुळशीरामजींची टिंगल चालली होती. डॉक्टर त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "हा गाठीचा खोडसाळपणा आहे. माणूस पुरता पुरुष आहे!" दुसऱ्या दिवसापासून तुळशीरामजी उपरणे काढून बसू लागले. शेवटपर्यंत तसेच बसले. डॉक्टरही शेवटपर्यंत रोज जात राहिले.

या गाठीवर डॉक्टरांनी व्याख्यान दिले, टाळ्या झाल्या. वहीतली ओळ मात्र तशीच राहिली. आजही नव्या नर्सांना ते पान उघडून सांगतात, "असं करू नका."

डॉक्टरसाहेब, आपण शतायुषी व्हावे, आपला हात कधी थरथरू नये. त्याच हाताने, त्याच लाल शाईने ती ओळ खोडावी आणि खाली सही करावी. हा ग्रंथ हाती पडल्यापासून आठव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तसे लेखी कळवावे. उत्तर घेऊन स्वतः आलात तर चहा मिळेल. पाय पुसून यावे.