आधी पुसून घ्या

बांगडी पॉलिशला टाकायला मी सराफाच्या दुकानात गेले होते. शेजारी एक बाई लेकीला सोबत घेऊन तिच्यासाठी हार बघत होत्या. “तुम्ही जरा घालून दाखवता?” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. तिनं घातला. तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. दुकानाच्या मालात मिसळू नये म्हणून तिथं कामावर स्वतःचं सोनं घालायला बंदी. हार तिला असा शोभला, की बाई हरखल्या. “अय्या, सुंदर! हाच घेऊ. पण आधी पुसून घ्या हं, मग हिला घालते.”

माझं डोकंच फिरलं. अहो, कारागीर तोंडात फुंकणी धरून त्याच हाराचे सांधे जोडतो. त्याचा घाम, पॉलिशवाल्याची काळी बोटं, सगळं त्या सोन्याला चाललं. विटाळ झाला तो फक्त या मुलीच्या गळ्याचा? ज्या गळ्यामुळे तो हार पसंत पडला, त्याच गळ्याचा?

चार शब्द सुनवावेत म्हणून मी वळले. पण मुलीनं हार काढलाही होता. हसतमुखानं ती तो पुसत होती, कडी न् कडी. फडकं तिला शोधावं लागलं नाही. हार गळ्यात घालण्याआधीच तिनं ते काढून ठेवलं होतं.