दिगंबरने मला न दिलेलं पुस्तक

दिगंबर गेल्याचं मला माझ्या मुलीने लातूरहून फोन करून सांगितलं. मी अहमदपुरातच, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आणि बातमी आधी पोचली लातूरला. "बाबा, काका गेले..." एवढंच बोलून ऋचा रडायला लागली. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. त्याच्या घरच्यांनी हिला अगोदर कळवलं, मला नाही, हेच आलं. आता महिना उलटलाय, म्हणून हे लिहायचा धीर होतोय.

दिगंबर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. ओळख गावच्या वाचनालयातली. जळकोटची गाडी कधी लागणार हे सांगता सांगता तो खिडकीशी आलेल्या बाईला विचारायचा, "वाचायचा नाद हाय का? घरी कोण कोण असतंय?" पुढच्या खेपेला तिच्या हातात नेमकं पुस्तक असायचं. कधी नुकतीच आलेली कादंबरी, कधी शंभर वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन. माझे विद्यार्थीसुद्धा मी दिलेली यादी खिशात ठेवून त्याच्या खिडकीशी जायचे. मला ते कळायचं, आणि झोंबायचंही.

ऋचाला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले तेव्हा ती बोलायचीच बंद झाली. मी तिच्या उशाशी तीन अभिजात कादंबऱ्या ठेवल्या. तिने हात लावला नाही. मग एका संध्याकाळी दिगंबर आला. परीक्षेचं नावही न काढता म्हणाला, "लहानपणी तू तळ्यावर पाखरं बघायला जायचीस, न्हवं?" दुसऱ्या दिवशी त्याने एक पातळसं पुस्तक आणून दिलं, पाणपक्ष्यांच्या मागे आयुष्य घालवलेल्या एका शिक्षकाचं. दोन दिवसांनी जेवताना ऋचा आपणहून बोलायला लागली, त्या पुस्तकाबद्दलच. बायकोने डोळे पुसले. मी भाजी चिवडत बसलो. माझी मुलगी परत आली होती, पण ती माझ्या हाकेने आली नव्हती...

एका वर्षी वाचनालयाच्या कार्यक्रमात 'कोणी काय वाचावं' यावर दिगंबरला बोलवावं असं ठरत होतं. मी समितीवर होतो. "त्यांना व्यासपीठाची सवय नाही, अवघडतील," असं म्हणून मी त्याचं नाव मागे टाकलं आणि स्वतः बोललो. तो शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. भाषण संपल्यावर लोक अंगणात त्याच्याभोवती जमले. "सरांनी सांगितलंय न्हवं? तेच वाचा, लई चांगली पुस्तकं हायेत," तो म्हणत होता. त्याने कुरकूर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

अख्ख्या गावाला पुस्तकं सुचवणाऱ्या या माणसाने मला मात्र एकही सुचवलं नाही. एकदा मीच आडून विचारलं. तो हसून म्हणाला, "तुमचं समदं वाचून झालेलं असतंय सर. तुम्हाला म्या काय सांगावं?" तो मान होता की टोला, हे मी घरी येईपर्यंत घोळवत राहिलो.

चौदाव्या दिवशी त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, कपाटातून एक कादंबरी काढून दिली. "हे तुमच्यासाठी आणून ठेवलं होतं त्यांनी. रोज म्हणायचे, आज देतो. मग म्हणायचे, नको, सर दुखावतील."

दोन कुंभार भावांची गोष्ट आहे. धाकट्याचा हात थोरल्यापेक्षा चांगला. थोरल्याला ते दिसतं, पण शेवटपर्यंत त्याच्या तोंडून 'छान झालंय' एवढं निघत नाही. मी ती एका बैठकीत संपवली. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. आणि तरी तो दर रविवारी माझ्याकडे चहाला येत राहिला...

गेल्या आठवड्यात ऋचा आली होती. टेबलावरची कादंबरी तिने उचलली, आतलं काकांचं अक्षर ओळखलं. म्हणाली, "बाबा, मी वाचायला नेऊ?"

मी ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुला त्याने पुष्कळ दिलीत," मी म्हणालो. "हे माझं आहे."