उंबऱ्यावरची खिरापत

आमच्या नव्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मी देव मानत नाही' असं बोलून गेले, तेव्हापासून बेल वाजली की छातीत धस्स होतं. आज दाराच्या भिंगातून पाहिलं. गणपतीची आरती आटोपून शेजारच्या मालतीकाकू खिरापतीची वाटी घेऊन उभ्या होत्या. आता वाद होणार! तरी कडी काढली. इथे इमारती भराभर उभ्या राहतात. माणसं मात्र एकमेकांना भिंगातूनच बघतात.

"प्रसाद म्हणून नको, खाऊ म्हणून घ्या," काकू कशाबशा म्हणाल्या. त्यांनी घाईघाईने वाटी पुढे केली. वाटीतलं थोडं खोबरं उंबऱ्यावर सांडलं, तशा दोघीही एकदम खाली वाकलो.

"पायदळी यायला नको हो!"

हे काकू नाही, मी म्हणाले.