आधी दूध, मग सुई

सुईला घाबरणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण खुद्द सुईनेच घाबरावं अशी बाई आमच्या वसमत तालुक्यात एकच, आणि ती नेमकी माझी मावससासू निघाली. आमच्या छोट्या दवाखान्यात ती नवजात बाळांच्या वॉर्डाची सिस्टर आणि मी तिथलाच रक्त तपासणारा. तान्ह्या बाळाची टाच टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, हे माझं काम. माझा हात झटपट असल्याचा लौकिक होता. तिच्या लेखी तो नुसता उतावळा होता.

जावयाचा मान ठेवण्यात मात्र तिने कधी कसूर केली नाही, वॉर्डातसुद्धा. "जावईबापू, सुई खाली ठेवा," असं आदराने म्हणायची आणि पाठोपाठ, "काहून घाई करून राहिले? बस सुटून राहिली का तुमची?" आधी बाळाला आईच्या छातीशी लावायचं. ते नीट ओढू लागलं, घोट ऐकू आला, की मग मला मानेने खूण. ज्याला ओढताही येत नाही त्याच्या जिभेवर आईच्याच दुधाचे चार थेंब. हातपाय जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यात पोटाशी गोळा करायचे, कारण "कालपातूर पोटात तसंच तर बसून व्हतं ते." माझे हात गार लागले तर मला दारातूनच परत पाठवायची. एकदा एका आजीने नातवाचं रडं थांबावं म्हणून पिशवीतून मधाची बाटली काढली. मावशीने ती जप्त केली, तान्ह्याला मध किती घातक असतो ते आजीला खडसावून सांगितलं आणि दुपारच्या डब्यातल्या पोळीशी तो मध स्वतः संपवला.

हा कनवाळूपणा फक्त पहिल्या महिन्यापुरता. त्यापुढच्या माणसाला तिच्याकडे दयामाया नव्हती. धनुर्वाताच्या इंजेक्शनला ओरडणाऱ्या एका भारदस्त सरपंचांना तिने भर रांगेत विचारलं होतं, "काहून ओरडता? तुमी काल जल्मले का?"

मी तिला मनातल्या मनात हसायचो. एवढंसं लेकरू, त्याला काय कळतंय आणि काय लक्षात राहतंय, असं माझं मत होतं. मग दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी दिवस भरायच्या आतच जन्मली. बायकोचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिला नांदेडला हलवलं. आई तिकडे, लेकरू इकडे, आणि लेकराची साखर उतरत चाललेली. पुन्हापुन्हा टाच टोचून पाहणं भाग होतं. मी सुई उचलली आणि माझा तो प्रसिद्ध हात टाच नुसती पुसतच राहिला.

मावशीने सुई काढून घेतली. "शर्ट काढा."

वॉर्डात सात बाळंतिणी बघत होत्या. मी शर्ट काढला.

"बनियन बी. त्या भोकांतून कोनती ऊब लागनार लेकराला?"

दारातून माझी आई ओरडली, "पाचवीच्या आत बापानं लेकराला शिवू न्हाई!"

"मंग पाचवीपातूर तिनं रडतच राहायचं का, विहीणबाई?" असं म्हणत मावशीने पोरगी माझ्या उघड्या छातीवर ठेवलीसुद्धा, आणि वरून पांघरूण घातलं. तिचं वजन जाणवतही नव्हतं. थोड्या वेळाने ती निवांत झाली, तेव्हा मावशीने टोचलं. पोरीने ओठ काढला, जराशी कण्हली आणि माझ्या छातीत तोंड खुपसून गप्प झाली. रडलो मी. सात बाळंतिणींच्या देखत, हुंदके देऊन रडलो. कुणी हसलं नाही.

पुढे पोरीची साखर सावरली. नवव्या दिवशी बायको परत आली आणि पोरगी आईजवळ गेली. त्या दुपारी मी मावशीला विचारलं, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं? ती टोपड्यांच्या घड्या घालत होती.

"ट्रेनिंगमधी शिकवलं, लई उशिरा," ती म्हणाली. "पयले असं कुठं व्हतं? पाय दाबून धरायचे अन् टोचायचं. माझं पयलं लेकरू असंच लवकर झालतं. त्याचे पाय मीच धरले. दोन दिस जगलं." तिने हातातलं टोपडं उगाच पुन्हा उलगडलं. "मायचा हात म्हनून तेवढाच कळला त्याला."

हे लेकरू आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या शेजारी बसलो आणि टोपड्यांच्या घड्या घालू लागलो. माझी एकही घडी धड जमली नाही. ती मात्र त्या दिवशी माझ्या वाकड्या घड्या तशाच आपल्या घड्यांवर रचत गेली.